श्रीगाडगेबाबा आणि धर्मादायाचा पैसा

वारकरी मायबापहो, परभणी-परळी गाडीने जो कोणी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेला असेल त्याला सांगायला नको, की देवाच्या दारी माणूस रिकाम्या हाताने जात नाही. कोणी नारळ नेतो, कोणी पायलीभर ज्वारी, तर एखादी म्हातारी पदराची गाठ सोडून आपला पैसा ठेवते. एकदा ठेवला की आपण हात जोडतो आणि मागे वळतो. पुढे त्याचे काय झाले हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. एका गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मी सहज विचारले, की यंदा वर्गणी किती जमली आणि खर्च किती झाला? पंगतीतली माणसे अशी बघू लागली, जणू मी उष्ट्या हाताने विणा धरला!

म्हणून आज श्रीगाडगेबाबांचे चरित्र सांगायचे. त्यांचे झाडूचे आणि कीर्तनाचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. पैशाच्या बाजूने मात्र ते कोणी फारसे सांगत नाही.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, जात परिटाची. वडील दारूपायी लवकर गेले. आई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूजी मामाची गुरे राखी, पुढे नांगर धरू लागला. राबणारा गडी, शेत हसू लागले. पण मामा सावकाराच्या जाळ्यात सापडले होते. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, बेरीजही सावकाराचीच! रक्त आटवून कसलेले शेत त्या वहीने गिळले, आणि मामाही फार दिवस टिकले नाहीत. डेबूजीला अक्षरओळख नव्हती. पण ज्या वहीत दुसऱ्याला डोकावता येत नाही ती वही माणसाचे काय करते, हे त्याने शाळेत न जाता शिकून घेतले. पुढच्या चरित्राची किल्ली मला तरी इथेच सापडते.

१९०५ च्या फेब्रुवारीत डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी गाडगेबाबा नाव ठेवले. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरून पडत, तिथे त्यांनी घाट बांधवला. मग पंढरपूर. आषाढीला लाखो माणसे येत, पण अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायला ओसरी मिळत नसे. त्याच्यासाठी १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेच्या कामाला हात घातला. पुढे नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा झाल्या, अन्नछत्रे झाली, मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांची सोय झाली. लाखोंची कामे ही!

आता पाहा, एवढा पैसा या माणसाच्या शब्दावर येत होता, पण तो स्वतः पैशाला शिवत नसे. कीर्तन झाले की लोक पाया पडायला, काही ठेवायला धावत. बाबा त्याआधीच पसार! देणाऱ्याने द्यायचे ते कामावर द्यावे, चुना द्यावा, लाकूड द्यावे, दाणे द्यावेत, नाहीतर पंचांकडे भरावे. बरे, जेवायचे कुठे? हजारोंची पंगत आपल्या शब्दाने बसलेली, आणि बाबा गावात चार घरी भाकरी मागून कुठेतरी झाडाखाली खात. अन्नछत्र गरिबांचे, त्यातला घास आपला नव्हे, असा सरळ हिशेब होता. पंढरीला जन्मभर गेले, पण राहिले वाळवंटात.

धर्मशाळा पुऱ्या झाल्या की त्यांची पंचमंडळे नेमून कायदेशीर कागद करवीत. त्यात स्वतःचा हक्क नाही, घरच्यांचाही नाही. कुंताबाई आणि मुली साध्या झोपडीत राहिल्या. कोणाला हे कठोर वाटेल. मलाही वाटते. बायकोने काय गुन्हा केला होता? पण बाबांनी त्या बाबतीत कधी ढील दिली नाही. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ ला श्रीगाडगे महाराज मिशन स्थापन झाले, म्हणजे कारभार एका माणसाच्या नावावर न राहता संस्थेच्या नावावर राहिला.

इथे एक गोष्ट आपसात बोलून घेऊ. सगळ्यांनी बाबांसारखे भाकरी मागून राहावे असे कोणी म्हणत नाही. संस्था म्हटली की आचारी आला, राखणदार आला, लिहिणारा कारकून आला. त्यांनाही लेकरेबाळे आहेत; त्यांना पगार द्यावा, चांगला द्यावा, त्यात कसले पाप? पण तो किती, कोणाला, आणि घेणारा विश्वस्तांचा मेहुणा आहे की काय, हे ज्वारी देणाऱ्या म्हातारीलाही कळायला हवे. झाकून दिलेला रास्त पगारसुद्धा चोरीसारखा दिसतो. निम्मी भांडणे पैसा खाल्ल्याने होत नाहीत, न सांगितल्याने होतात.

योग असा, की बाबा हयात असतानाच, १९५० साली, मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला. देवस्थान असो, धर्मशाळा असो, नोंदणी करायची, विश्वस्त कोण, मालमत्ता किती ते लिहून द्यायचे, जमाखर्च ठेवायचा आणि तपासून घ्यायचा. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. आज तोच कायदा महाराष्ट्राच्या नावाने आहे आणि परभणीत धर्मादायाचे कार्यालय आहे. आपल्या गावच्या संस्थानाची नोंद तिथे अर्ज करून, फी भरून बघता येते, नक्कल मिळते. किती वारकरी तिथे गेले असतील? बहुतेकांना तो जिना चढायचा म्हणजे देवावर फिर्याद केल्यासारखे वाटते. फिर्याद कसली त्यात! जे विश्वस्त चोख आहेत त्यांनी तर काल्याच्या दिवशी प्रसादाआधी उभे राहून जमाखर्च मोठ्याने वाचावा. दहा मिनिटांचे काम. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू येते.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. मागे काय राहिले? गाडगे, काठी, चिंध्या. वाटण्या करायला वारस बसले नाहीत, कारण वाटायला काही नव्हतेच. धर्मशाळांचे दरवाजे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उघडले. अमरावतीला त्यांची समाधी आहे, आणि त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.