हॅरिएट जेकब्ज : घराच्या भिंतींआडच्या अत्याचाराची साक्ष

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीच्या लेखिका आणि समाजसेविका हॅरिएट जेकब्ज यांचे ७ मार्च १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे निधन झाले. गुलामगिरी म्हटले की शेतमळ्यांवरील राबणूक, चाबकाचे फटके आणि माणसांचा बाजार ही दृश्ये डोळ्यांसमोर येतात. जेकब्ज यांनी जगापुढे मांडलेला अत्याचार मात्र घराच्या चार भिंतींआडचा होता. मालकाच्या घरी राहणाऱ्या, त्याची मुले सांभाळणाऱ्या आणि त्याच्याच वासनेशी रोज झुंजणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीची ती कैफियत होती. ती तिचीच आणि खरी आहे, हे सर्वमान्य होण्यास सव्वाशे वर्षे लागली.

एडेंटनमधील बालपण

हॅरिएट यांचा जन्म १८१३ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एडेंटन या बंदराच्या गावी झाला. वडील एलाइजा नॉक्स हे कुशल सुतार होते. आईचे नाव डिलाइला. दोघेही गुलाम होते. मात्र त्यांचे मालक वेगवेगळे होते. आई गुलाम तर अपत्यही गुलाम, हा नियम व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायद्यात आणला आणि पुढे तो दक्षिणेत सर्वत्र रूढ झाला. पित्याचा वर्ण वा दर्जा कोणताही असो, मूल आईच्या मालकाची मालमत्ता ठरे. त्यामुळे आपल्या गुलाम स्त्रीवर बळजबरी करणाऱ्या मालकाला शिक्षेचे भय नव्हतेच, उलट त्यातून त्याच्या संपत्तीत भर पडे.

हॅरिएट सहा वर्षांच्या असताना आईचे निधन झाले. त्यानंतर मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो यांनी त्यांना सांभाळले, शिवणकाम शिकवले आणि लिहिण्यावाचण्याची ओळख करून दिली. गुलाम मुलीला अक्षरओळख होणे त्या काळी दुर्मीळ होते. १८२५ मध्ये या मालकिणीचा मृत्यू झाला. ती आपल्याला मुक्त करील, अशी हॅरिएट यांची आशा होती. प्रत्यक्षात मृत्युपत्रानुसार त्या मालकिणीच्या तीन वर्षांच्या भाचीच्या वाट्याला गेल्या. भाचीचे वडील डॉ. जेम्स नॉरकॉम हे गावातील प्रतिष्ठित वैद्य होते. हॅरिएट यांचे खरे मालक आता तेच झाले.

हॅरिएट यांना आधार होता तो आजी मॉली हॉर्निब्लो यांचा. पाककौशल्याबद्दल गावात त्यांचा लौकिक होता. १८२८ मध्ये त्यांनाही लिलावात उभे केले गेले. परंतु एका वृद्ध गोऱ्या स्त्रीने त्यांना विकत घेऊन मुक्त केले. पुढे आजीचे घर हेच नातवंडांचे आश्रयस्थान बनले.

कायद्याने नाकारलेले संरक्षण

हॅरिएट वयात आल्या आणि वयाने तीस वर्षांहून अधिक मोठ्या असलेल्या नॉरकॉम यांनी त्यांचा छळ सुरू केला. अश्लील बोलणे, चिठ्ठ्या, धमक्या आणि प्रसंगी मारहाण असा हा छळ होता. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय सुताराशी लग्न करण्याची हॅरिएट यांची इच्छा होती. नॉरकॉम यांनी परवानगी नाकारली. त्यांच्या पत्नीला सारे कळत होते. तथापि तिचा रोष पतीवर न उतरता या मुलीवर उतरला. एकाच घरातील एक स्त्री दुसरीची वैरीण कशी होते, याचे चित्रण जेकब्ज यांनी पुढे आपल्या पुस्तकात कठोर तटस्थतेने केले.

दाद मागण्यास जागा नव्हती. याच एडेंटन परिसरातील एक खटला १८२९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. जॉन मान या इसमाने भाड्याने घेतलेल्या लिडिया नावाच्या गुलाम स्त्रीवर, ती पळू लागली म्हणून, गोळी झाडली होती. स्थानिक न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. न्यायमूर्ती टॉमस रफिन यांनी ती शिक्षा रद्द केली आणि गुलामावर मालकाची सत्ता निरंकुश असते, असा निर्वाळा दिला. भाडेकरू मालकालाही ते तत्त्व लागू झाले. हॅरिएट त्या वेळी सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

गावाबाहेर घर बांधून हॅरिएट यांना तेथे ठेवण्याचा बेत नॉरकॉम यांनी आखला, तेव्हा त्यांनी एक निर्णय घेतला. सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर या अविवाहित गोऱ्या वकिलाशी त्यांनी संबंध ठेवले. त्यामुळे नॉरकॉम संतापून आपल्याला विकतील आणि सॉयर विकत घेतील, असा त्यांचा हिशेब होता. जोसेफ आणि लुइझा ही दोन मुले या संबंधातून झाली. नॉरकॉम यांनी मात्र विकण्यास नकार दिला. या निर्णयाची बोच जेकब्ज यांना आयुष्यभर राहिली. ती त्यांनी लपवली नाही; पण ज्या स्त्रीला कायद्याचे, घराचे आणि विवाहाचे कवच नाकारले आहे, तिची नीती सुरक्षित स्त्रियांच्या मापाने मोजू नये, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती.

माळ्यावरची सात वर्षे

१८३५ मध्ये नॉरकॉम यांनी त्यांना शेतमळ्यावर धाडले आणि मुलांनाही तेथे नेण्याचे ठरवले. आपण नाहीशा झालो तर मुलांना ठेवून घेण्यात मालकाला स्वारस्य उरणार नाही, असा विचार करून हॅरिएट पळाल्या. त्यांना पकडून देणाऱ्यास शंभर डॉलर बक्षीस देण्याची जाहिरात नॉरकॉम यांनी वृत्तपत्रात दिली. आप्तांना तुरुंगात डांबले. दोन्ही लहान मुलेही त्यातून सुटली नाहीत. अखेर एका गुलाम-व्यापाऱ्याला मुले आणि हॅरिएट यांचे भाऊ जॉन विकले गेले. हा व्यापारी सॉयर यांच्या वतीने खरेदी करीत होता, हे नॉरकॉम यांना ठाऊक नव्हते. हॅरिएट यांचा अर्धा हिशेब बरोबर ठरला.

त्या स्वतः मात्र गावाबाहेर जाऊ शकल्या नव्हत्या. काही काळ शेजाऱ्यांकडे दडल्यावर त्या आजीच्या घराला लागून असलेल्या कोठीच्या छपराखालील पोकळीत राहू लागल्या. ही जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंच भागी अवघी तीन फूट होती. तेथे उभे राहणे अशक्य होते. उजेड नव्हता, हवा कोंदट होती, उंदरांचा सुळसुळाट होता. उन्हाळ्यात छप्पर तापे, थंडीत हातपाय गारठून जात. हाती लागलेल्या गिरमिटाने त्यांनी फळीला छिद्रे पाडली आणि त्यांतून अंगणात खेळणारी आपली मुले पाहिली. आई इतक्या जवळ आहे, याची मुलांना कल्पना नव्हती.

या अंधारातही त्यांनी नॉरकॉम यांना चकवले. उत्तरेतील शहरांतून आल्याचे भासवणारी पत्रे लिहून ती विश्वासू व्यक्तींकरवी तेथून टपालात टाकण्याची त्यांनी व्यवस्था केली. मालकाचे लक्ष दूर उत्तरेकडे वळले आणि हॅरिएट त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहिल्या. सॉयर दरम्यान अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. परंतु मुलांना रीतसर मुक्त करण्याचे वचन त्यांनी पाळले नाही. जवळजवळ सात वर्षांनंतर, १८४२ मध्ये, हॅरिएट जहाजाने फिलाडेल्फियाला निसटल्या आणि तेथून न्यूयॉर्कला पोहोचल्या.

उत्तरेतही भय

न्यूयॉर्कमध्ये लेखक नॅथॅनियल पार्कर विलिस यांच्या घरी मुलीला सांभाळण्याचे काम त्यांना मिळाले. मुलांची भेट झाली. १८४९ मध्ये त्या रॉचेस्टर येथे भाऊ जॉन यांच्यासह गुलामगिरीविरोधी वाचनालय चालवू लागल्या. फ्रेडरिक डग्लस यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय याच इमारतीत होते. येथेच क्वेकर पंथीय कार्यकर्त्या एमी पोस्ट यांच्याशी त्यांची मैत्री जडली.

१८५० च्या पलायित गुलाम कायद्याने उत्तरेतील राज्यांवरही पळून आलेल्या गुलामांना परत करण्याची सक्ती केली. १८५२ मध्ये नॉरकॉम यांची कन्या आणि जावई ताबा घेण्यासाठी न्यूयॉर्कला आले. तेव्हा विलिस यांच्या दुसऱ्या पत्नी कॉर्नेलिया यांनी तीनशे डॉलर मोजून हॅरिएट यांची मुक्तता विकत घेतली. त्याबद्दल हॅरिएट कृतज्ञ होत्या. तरीही जे स्वातंत्र्य जन्मतःच आपले होते, त्याची खरेदी व्हावी, याचा त्यांना विषाद वाटला.

पुस्तक आणि अविश्वास

आपली कहाणी लिहावी, असा आग्रह एमी पोस्ट यांनी धरला. हॅरिएट यांना संकोच होता. प्रारंभी 'अंकल टॉम्स केबिन'च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टोव्ह यांचे साह्य घेण्याचे ठरले. स्टोव्ह यांनी मात्र ती माहिती आपल्या नियोजित पुस्तकात वापरण्याची इच्छा दर्शवली आणि खातरजमा करण्यासाठी सारा मजकूर कॉर्नेलिया विलिस यांच्याकडे पाठवला. मुलांच्या जन्माविषयी हॅरिएट यांनी विलिस यांना काही सांगितले नव्हते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशी परस्पर उघड झाली, तेव्हा आपली साक्ष आपणच लिहायची, हे त्यांनी निश्चित केले. दिवसभर घरकाम आणि मुलांची देखभाल करून रात्री त्या गुपचूप लिहीत.

१८५८ मध्ये हस्तलिखित पूर्ण झाले. दोन प्रकाशन संस्था पाठोपाठ बुडाल्या. अखेर छपाईचे साचे स्वतः विकत घेऊन त्यांनी १८६१ मध्ये बोस्टन येथे 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे पुस्तक काढले. लिडिया मारिया चाइल्ड यांनी संपादन केले. लेखिकेने लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतले आणि इतरांचीही नावे बदलली.

हाच पडदा पुढे पुस्तकाच्या मुळावर आला. यादवी युद्धाच्या धामधुमीत पुस्तक मागे पडले. कालांतराने ते चाइल्ड यांनीच रचलेले काल्पनिक कथानक असावे, असा समज रूढ झाला. १९७२ मध्ये इतिहासकार जॉन ब्लॅसिंगेम यांनीही ते विश्वासार्ह मानले नाही. सात वर्षे माळ्यावर राहणे असंभाव्य आणि गुलाम स्त्रीची इतकी सफाईदार भाषा अशक्य, अशा स्वरूपाचे हे आक्षेप होते. जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने जेकब्ज यांनी एमी पोस्ट यांना लिहिलेली पत्रे आणि एडेंटनचे दप्तर तपासले. १९८१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले आणि १९८७ मध्ये सटीप आवृत्ती प्रसिद्ध केली. व्यक्ती, घरे, तारखा, जाहिरात, सारे जुळले. भाऊ जॉन यांनी १८५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या वृत्तपत्रात लिहिलेले आत्मकथनही २०२४ मध्ये पुन्हा प्रकाशित झाले असून या कुटुंबाच्या कहाणीला त्याने आणखी बळकटी दिली आहे.

युद्धकाळातील सेवा

१८६२ पासून जेकब्ज यांनी वॉशिंग्टन आणि अलेक्झांड्रिया येथे गुलामगिरीतून पळून आलेल्या निर्वासितांची सेवा केली. औषधे, कपडे, निवारा यांची सोय पाहिली. जानेवारी १८६४ मध्ये अलेक्झांड्रियात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. ही शाळा गोऱ्या मिशनऱ्यांच्या ताब्यात न जाता कृष्णवर्णीय समाजाच्याच हाती राहावी, यासाठी त्यांनी आग्रह धरला. युद्धानंतर जॉर्जियातील सव्हाना येथे कार्य करताना त्यांनी अनाथ आणि वृद्धांसाठी आश्रम उभारण्याचे योजले व १८६८ मध्ये लंडनमध्ये निधी गोळा केला. परंतु दक्षिणेत मुक्त गुलामांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे ती योजना सोडावी लागली.

अमेरिकेतील दास्यमुक्तीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

आजही कायम असलेला पेच

गुलामगिरी संपली तरी घर हे कायद्याबाहेरचे क्षेत्र आहे, ही धारणा संपली नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्याच सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये पत्नीला छडीने मारणाऱ्या पतीला दोषी ठरवण्यास नकार दिला आणि कौटुंबिक कारभारात न्यायालयाने पडू नये, असे म्हटले. पतीला मारण्याचा हक्क नाही, हे त्या न्यायालयाने १८७४ मध्ये मान्य केले. तरीही किरकोळ मारहाण चव्हाट्यावर आणू नये, हा विचार कायम राहिला.

कृष्णवर्णीय स्त्रियांची साक्ष देण्याची परंपरा मात्र पुढे चालली. १८६६ मध्ये मेम्फिस येथील दंगलीनंतर अनेकींनी संसदेच्या समितीपुढे आपल्यावरील बलात्कारांची हकिकत सांगितली. १९४४ मध्ये अलाबामातील रेसी टेलर यांच्यावरील सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात न्याय मागण्यासाठी रोझा पार्क्स यांनी मोहीम उभारली. आरोपींवर खटला चालला नाही. अलाबामाच्या विधिमंडळाने २०११ मध्ये क्षमा मागितली. १९९१ मध्ये कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी घरगुती हिंसाचाराला बळी पडणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची दुहेरी कोंडी दाखवून दिली. अत्याचाराबद्दल बोलावे तर आधीच बदनाम केलेल्या समाजाविषयीचे पूर्वग्रह बळावतात, पोलिसांना बोलवावे तर त्यांच्याच वागणुकीचे भय. आणि गप्प राहावे तर मार चालूच राहतो.

जेकब्ज यांच्यावरील अत्याचार गोऱ्या मालकाचा होता, त्यामुळे त्यांची परिस्थिती वेगळी होती. परंतु बोलण्याची किंमत पीडितेनेच मोजावी, हा पेच तोच आहे. आपल्या अब्रूचा प्रश्न असतानाही त्यांनी ती किंमत मोजली. कारण दक्षिणेत अजून लक्षावधी स्त्रिया त्याच घरांत अडकलेल्या होत्या. आपले पुस्तक सहानुभूतीसाठी नसून उत्तरेतील स्त्रियांना त्यांच्या या भगिनींसाठी जागे करण्यासाठी आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले होते.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कन्या लुइझा यांच्यासमवेत वॉशिंग्टनमध्ये काढली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची समाधी आहे. एकेकाळी काल्पनिक ठरवले गेलेले त्यांचे पुस्तक आज अमेरिकेतील विद्यापीठांत इतिहासाचे विश्वसनीय साधन म्हणून अभ्यासले जाते.