फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रुग्णाच्या ताटापासून दुष्काळापर्यंत

हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळेच्या पुस्तकातली ओळख. त्यांनी भुकेशी दिलेली झुंज त्यामानाने फारशी ठाऊक नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्रिमियन युद्ध सुरू असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे अन्न अजिबात नव्हते असे नाही. ते रुग्णाच्या पोटात जात नव्हते. मांस मोठमोठ्या हंड्यांत एकत्र उकळायचे आणि हाडासकट वजन करून वाटायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे एखाद्याच्या वाट्याला नुसते हाडच येई. जुलाबाने खंगलेला शिपाई ते काय खाणार? नाइटिंगेल यांनी स्वतःचे आणि देणगीचे पैसे वापरून अशक्त रुग्णांसाठी वेगळी स्वयंपाकघरे काढली. तिथे सूप, आरारूटची पेज असे पचेल ते शिजू लागले. १८५५ मध्ये अलेक्सिस सोये हा नामवंत फ्रेंच आचारी तिथे आला आणि त्याने लष्करी स्वयंपाकाची घडीच बदलली.

‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकात आहारावर दोन प्रकरणे आहेत. रुग्ण कोणत्या वेळी खाऊ शकतो, ताटात किती टाकतो, हे पाहणे परिचारिकेचेच काम, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याचा अभ्यास करताना त्यांचे लक्ष इथल्या खेड्यांकडे वळले. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. आजारपणामुळे बराच काळ अंथरुणातूनच अहवाल वाचत, पत्रे लिहीत त्यांचे काम चाले. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळाने त्या हादरल्या. सर आर्थर कॉटन यांच्याप्रमाणे त्याही कालव्यांसाठी सरकारच्या मागे लागल्या. कालव्यांवर त्यांचा भरवसा जरा जास्तच होता. पण सावकारी कर्ज आणि जमीनदारी यांनी शेतकरी उपाशी राहतो, हेही त्यांनी ओळखले. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळल्यावर, १८७८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या मासिकात त्यावर सडेतोड लेख लिहिला. याच दुष्काळात गावोगावची माहिती जमवून सरकारला कळवणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पुढे पत्रव्यवहार झाला.

जमीनदार, सूर्य आणि झारी अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तकही त्यांनी याच विषयावर लिहून ठेवले होते. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ते प्रसिद्ध झालेले नव्हते.