विश्लेषण : यंत्रमागाच्या कारखान्यातून टोयोटा कशी जन्मली? संस्थापकालाच १९५० मध्ये राजीनामा का द्यावा लागला?

इनोव्हा आणि फॉर्च्युनरची ओळख महाराष्ट्रात कुणाला करून द्यायला नको. अष्टविनायकाच्या सहलीपासून पुढाऱ्यांच्या ताफ्यापर्यंत या गाड्या सगळीकडे दिसतात. लाखो किलोमीटर पळूनही इंजिन कुरकुरत नाही, हा त्यांचा लौकिक. गेली काही वर्षे जगात सर्वाधिक गाड्या विकणारा समूह टोयोटाच आहे. मात्र ही कंपनी उभी करणारे किइचिरो टोयोडा यांनी यातले काहीच पाहिले नाही. कंपनी दिवाळखोरीच्या काठावर असताना त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि पुढे दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

सुताराच्या नातवाचे घर

किइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात झाला. आजोबा सुतार होते. वडील साकिची टोयोडा यांना मात्र सुतारकामापेक्षा मागाचे वेड. आईला दिवसभर हातमागावर राबताना पाहून त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला, असे जपानमधली शाळकरी मुलेही सांगतात. या वेडापायी साकिची घरी फारसे थांबतच नसत. किइचिरो तान्हे असतानाच त्यांची आई घर सोडून गेली आणि सुरुवातीची काही वर्षे आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. पुढे सावत्र आई आली, वडिलांचे माग चालू लागले आणि घरात पैसा आला.

साकिची यांचे शिक्षण जेमतेम प्राथमिक. मुलगा मात्र टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून १९२० मध्ये यांत्रिकी अभियंता होऊन बाहेर पडला. वडील हाताने करून पाहून शिकलेले, तर मुलगा आकडेमोड करून. बापलेकांतला हा फरक पुढे कामाला आला.

धोटा, कांडी आणि एक लाख पौंड

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या वाचकांना पुढची गोष्ट चटकन कळेल. साध्या यंत्रमागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबवावा लागतो. धागा तुटला आणि कामगाराचे लक्ष नसेल, तर माग तसाच चालत राहतो आणि कापड खराब होते. टोयोडांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या ‘जी’ प्रकारच्या मागाने या दोन्ही अडचणी सोडवल्या. भर वेगात, माग न थांबवता धोटा आपोआप बदलला जाई आणि धागा तुटताच माग स्वतःहून थांबे. त्यामुळे एक कामगार तीसेक माग सांभाळू शकला. या मागाच्या रचनेत किइचिरोंचा वाटा मोठा होता. १९२६ मध्ये तो बनवण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली.

याच काळात स्वस्त जपानी कापडाने मुंबईच्या गिरणीमालकांची झोप उडवली होती. आयात शुल्क वाढवा, अशी त्यांची ओरड सुरू होती आणि १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने ते ७५ टक्क्यांपर्यंत नेलेही. त्या स्वस्ताईमागे अनेक कारणे होती. मागाच्या तंत्रातली प्रगती हे त्यातले एक.

इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावची प्लॅट ब्रदर्स ही कापडयंत्रे बनवणारी नामांकित कंपनी. १९२२ मध्ये किइचिरो तिथे शिकाऊ म्हणून काही दिवस राहून आले होते. १९२९ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले, ते याच कंपनीला ‘जी’ मागाचे हक्क विकायला. किंमत ठरली एक लाख पौंड.

हे एक लाख पौंड वडिलांनी मुलाच्या हाती ठेवले आणि मोटारी बनवायला सांगितले, अशी कथा नेहमी सांगितली जाते. कथा गोड आहे, पण पुरती खरी नाही. रक्कम हप्त्यांनी मिळायची होती आणि पुढे ती कमीही करावी लागली. मोटारीच्या प्रयोगांना लागलेला पैसा यापेक्षा कितीतरी मोठा होता आणि तो मुख्यतः माग व सूत यांच्या धंद्यातूनच आला. साकिची यांचे ऑक्टोबर १९३० मध्ये निधन झाले.

जपानमध्ये तेव्हा गाड्या कोण विकत होते?

अमेरिकी कंपन्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियोची ट्रामव्यवस्था कोलमडली. शहराने तातडीने फोर्डच्या सुमारे ८०० चॅसी मागवल्या आणि त्यांवर बस बांधल्या. जपानमध्ये मोटारीला गिऱ्हाईक आहे, हे त्यातून फोर्डच्या लक्षात आले. १९२५ मध्ये फोर्डने योकोहामात आणि १९२७ मध्ये जनरल मोटर्सने ओसाकात सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. बघता बघता जवळपास सगळा बाजार या दोघांच्या खिशात गेला. जपानच्या बड्या उद्योगघराण्यांनी यात उतरायचे धाडस केले नाही.

उतरला तो माग बनवणाऱ्या कारखान्यातला एक अभियंता. किइचिरोंनी आधी कारखान्याच्या कोपऱ्यात एक छोटे इंजिन बनवून पाहिले. सप्टेंबर १९३३ मध्ये माग कंपनीत मोटार विभाग सुरू झाला. कंपनीचे अध्यक्ष होते रिसाबुरो टोयोडा. ते किइचिरोंच्या बहिणीचे पती. साकिचींनी त्यांना जपानी रिवाजानुसार दत्तक घेतले होते. व्यवहारी माणूस. मोटारीच्या नादात चालता धंदा बुडेल, ही त्यांची भीती अजिबात गैर नव्हती.

पहिली काही वर्षे तर तेच होईल असे वाटत होते. किइचिरोंनी एक शेवरोलेट गाडी विकत आणली, तिचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला, प्रत्येक भागाचे माप घेतले आणि तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावरून आपले इंजिन आखले. ही सरळसरळ नक्कल होती आणि ती कुणी लपवलीही नाही. पण नक्कल करणेही सोपे नव्हते. मागासाठी लोखंड ओतणारा कारखाना इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक ओतू पाही, तेव्हा आतल्या पोकळ्या नीट उतरत नसत. शेकडो ब्लॉक भंगारात गेले. इंजिन १९३४ मध्ये तयार झाले, पण सुरुवातीला मूळ शेवरोलेटइतकी ताकदही देत नव्हते.

मे १९३५ मध्ये ‘ए-१’ ही नमुना कार तयार झाली. सरकारला आणि लष्कराला मात्र आधी ट्रक हवे होते. म्हणून घाईघाईत ‘जी-१’ ट्रक बनवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत त्याचे अनावरण ठरले. टोकियोला जातानाच ट्रक वाटेत मोडला! दुरुस्त करून तो कसाबसा पोचवला. विकलेले ट्रकही वारंवार बंद पडत.

टोयोटाचा आजचा लौकिक ज्यावर उभा आहे, ती सवय इथे लागली. पहिले ट्रक मुद्दाम कारखान्याच्या आसपासच्या भागात विकले गेले, म्हणजे बंद पडताच माणूस धाडता येईल. किइचिरो स्वतः जाऊन मोडलेला भाग बघत आणि कारखान्यात परतून त्याचा आराखडा बदलत. विक्रीसाठी त्यांनी जनरल मोटर्समधून शोतारो कामिया यांना आणले. परदेशी कंपनीचा जपानी विक्रेत्यांशी असलेला तोरा कामियांनी जवळून पाहिला होता. टोयोटात त्यांनी विक्रेत्याला भागीदारासारखे वागवले.

‘डा’चे ‘टा’ कसे झाले?

१९३६ मध्ये कंपनीने बोधचिन्हाची स्पर्धा घेतली. सुमारे २७ हजार प्रवेशिका आल्या. निवडलेल्या चिन्हात ‘टोयोडा’ऐवजी ‘टोयोटा’ असे होते. जपानी काताकाना लिपीत ‘टोयोडा’ लिहायला दहा फटकारे लागतात, ‘टोयोटा’ला आठ, आणि आठ हा आकडा तिथे शुभ. उच्चारही मोकळा. शिवाय घराण्याचे आडनाव आणि कंपनी वेगळी राहिली. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. रिसाबुरो अध्यक्ष, किइचिरो उपाध्यक्ष.

त्याआधी, १९३६ मध्येच जपान सरकारने मोटार उत्पादनाचा कायदा करून परदेशी कंपन्यांच्या नाड्या आवळल्या. परवाने मिळाले टोयोडा आणि निसान यांना. १९३९ पर्यंत फोर्ड आणि जनरल मोटर्सचे जपानमधले उत्पादन थांबले. टोयोटाची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. पण लष्करी सरकारने दिलेले हे संरक्षण नसते, तर ती कंपनी तगली असती का, याची शंकाच आहे. त्याचे मोलही द्यावे लागले. युद्धाच्या काळात कारखाना मुख्यतः सैन्यासाठी ट्रक बनवत राहिला आणि किइचिरोंना हवी होती ती कार मागे पडली. ‘एए’ या त्यांच्या पहिल्या कारच्या १९४३ पर्यंत अवघ्या १४०४ गाड्या बनल्या. त्यातली एक अनेक वर्षांनी रशियात सापडली. ती आता नेदरलँड्समधल्या संग्रहालयात आहे.

‘जस्ट इन टाइम’ म्हणजे नेमके काय?

नागोयाजवळ कोरोमो हे रेशमाच्या धंद्यावर जगणारे गाव. तो धंदा बसला होता. तिथल्या पडीक माळावर १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटाचा मोठा कारखाना उभा राहिला. अमेरिकी पद्धत अशी की सुट्या भागांचा ढीग लावून ठेवायचा आणि लागेल तसा वापरायचा. किइचिरोंकडे ढीग लावायला ना पैसा होता ना कोठारे. त्यांनी उलटा नियम केला: जो भाग ज्या दिवशी, जितका लागणार, तितकाच बनवायचा. आजचे ठरलेले काम संपले की घरी जा. उरले तर थांबा. कामगारांना हे पटवून देणे सोपे नव्हते, कारण जास्त माल म्हणजे जास्त मेहनत अशीच सगळ्यांची समजूत. पद्धत रुळते न रुळते तोच युद्धाने पुरवठ्याची सारी घडी विस्कटली.

ती पुन्हा बसवली ताइची ओनो यांनी, युद्धानंतर. ओनो आले होते टोयोडांच्या सूतगिरणीतून. त्यांनी त्यात साकिचींच्या मागाचे तत्त्व मिसळले: काही बिघडले की यंत्राने आणि माणसानेही तिथेच थांबायचे, खराब माल पुढे ढकलायचा नाही. आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवली जाणारी ‘टोयोटा उत्पादन पद्धत’ या दोन धाग्यांतून विणलेली आहे.

राजीनाम्याची वेळ का आली?

१९४१ मध्ये किइचिरो अध्यक्ष झाले. १४ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे शरणागती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, कोरोमोच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. हजारो कामगार आणि त्यांची कुटुंबे कारखान्यावर अवलंबून होती. किइचिरोंनी मिळेल तो उद्योग चाचपला: चिनी मातीची भांडी, कपडे, अगदी मासळीचे पदार्थ. मुलगा शोइचिरो याला त्यासाठी होक्काइदोला धाडले. दुसरीकडे छोट्या कारचे कामही सुरू ठेवले. १९४७ मध्ये एक हजार सीसीच्या आतबाहेरची ‘एसए’ ही कार आली.

मग १९४९ चे वर्ष उजाडले. महागाई आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकी सल्लागार जोसेफ डॉज यांच्या धोरणानुसार सरकारने खर्चाला कात्री लावली. पैशाचा ओघ आटला. ट्रक विकले जात, पण गिऱ्हाईक हप्ते भरू शकत नव्हते. वर्षअखेरीस टोयोटाकडे देणी द्यायला रोकड उरली नाही. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन बँकांना एकत्र आणले आणि कंपनी वाचवली. पण अटी होत्या. विक्रीसाठी वेगळी कंपनी काढा आणि माणसे कमी करा.

किइचिरोंनी कामगार संघटनेला आधीच शब्द दिला होता. पगारात दहा टक्के कपात मान्य करा, कुणालाही काढणार नाही, असा तो करार. कामगारांनी कपात सोसली. तरीही एप्रिल १९५० मध्ये सुमारे १६०० जणांना स्वेच्छानिवृत्ती देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि संप पेटला. कामगारांच्या बाजूने पाहिले तर हा सरळ विश्वासघात होता. बँकांच्या बाजूने पाहिले तर दुसरा मार्ग नव्हता. रक्तदाबाने खंगलेल्या किइचिरोंनी ५ जूनला अध्यक्षपद सोडले. दिलेला शब्द पाळता आला नाही, याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. त्यानंतर काही दिवसांतच संप मिटला. जवळपास आठ हजारांवर असलेली कामगारसंख्या सहा हजारांवर आली.

२५ जूनला कोरियात युद्ध भडकले. अमेरिकी सैन्याला जवळपास कुठेतरी ट्रक हवे होते. जुलैमध्येच टोयोटाला एक हजार ट्रकची मागणी आली, मागोमाग आणखी आल्या. राजीनामा आणि ही लाट यांत तीन आठवड्यांचेसुद्धा अंतर नव्हते.

नवे अध्यक्ष ताइझो इशिदा माग कंपनीतून आलेले, कवडीचाही हिशेब ठेवणारे. कंपनी सावरताच १९५२ मध्ये त्यांनी किइचिरोंना परत येण्याची विनंती केली आणि ते तयार झाले. पण २७ मार्च १९५२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच रिसाबुरोही गेले.

पुढे काय झाले?

संपूर्ण जपानी बनावटीची ‘क्राउन’ १९५५ च्या जानेवारीत आली. १९५७ मध्ये ती अमेरिकेत नेली, तर तिथल्या महामार्गांवर तिचा दम निघाला आणि टोयोटाला हात हलवत परतावे लागले. जग जिंकणारी ‘कोरोला’ यायला १९६६ उजाडले. कोरोमोने १९५९ मध्ये आपले नाव बदलून ‘टोयोटा’ केले. शोइचिरो १९८२ मध्ये अध्यक्ष झाले, नातू अकियो २००९ मध्ये.

भारतातही टोयोडांची क्रमवारी तीच राहिली. महाराष्ट्रात मुळे असलेल्या किर्लोस्कर समूहाबरोबर १९९५ मध्ये आधी कापडयंत्रांची कंपनी निघाली. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी त्यानंतर, १९९७ मध्ये आली. बंगळूरुजवळच्या बिडदी कारखान्यातून २००० मध्ये क्वालिस बाहेर पडली, २००५ मध्ये इनोव्हा. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला.