रंग बघून जाडी मोजणारी कॅथरीन

पावसाळ्यात भिवंडीतल्या लूमच्या गल्लीतून कॉलेजला जाताना डबक्यावर पसरलेलं तेल तुम्ही बघितलं असेलच. निळा, जांभळा, सोनेरी... हे रंग मुळात तेलाचे नसतातच. तेलाच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतणारा प्रकाश एकत्र येतो, म्हणून ते दिसतात. थराची जाडी बदलली की रंगही बदलतो. आपण चप्पल सांभाळत पुढे जातो. कॅथरीन ब्लॉजेटने मात्र या रंगांचीच मोजपट्टी केली!

कॅथरीन १० जानेवारी १८९८ला अमेरिकेतल्या शेनेक्टडी गावात जन्मली. वडील तिथल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंट विभागाचे प्रमुख. तिच्या जन्माच्या काही आठवडे आधीच घरात शिरलेल्या चोराने त्यांना गोळी घातली. वडिलांना तिने कधी बघितलंच नाही. पण १९१८मध्ये ती त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली, तिथली पहिली स्त्री शास्त्रज्ञ म्हणून. पुढे १९२६मध्ये केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणारीही ती पहिलीच स्त्री.

परत आल्यावर आयर्विंग लँगम्युर यांच्यासोबत तिचं काम पुन्हा सुरू झालं. पाण्यावर स्निग्धाम्लाचा फक्त एका रेणूइतका जाड थर पसरायचा आणि त्यात पट्टी बुडवायची. दरवेळी पट्टीवर एकेक थर चढायचा. एका थराची जाडी किती? मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम अडीच! थर मोजून चढवले की जाडी नेमकी कळते आणि प्रत्येक जाडीला स्वतःचा रंग असतो. मग अनोळखी थर या रंगपट्टीशेजारी धरायचा, रंग जुळवायचा, जाडी हातात.

याच युक्तीवर १९३७मध्ये लँगम्युर आणि व्हिन्सेंट शेफर यांनी प्रथिनं मोजली. असे थर चढवलेली पट्टी प्रथिनाच्या द्रावणात बुडवली, धुतली, वाळवली. रंग जितका सरकला, त्यावरून प्रथिनाचा किती जाड थर चिकटला ते कळलं.

यात एवढं काय, असं वाटतंय? तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर अश्रूंमधली प्रथिनं तिच्यावर चिकटतात. हृदयात स्टेंट बसवला की त्यावर आधी रक्तातली प्रथिनं जाऊन बसतात. पुढे गुठळी होणार की नाही, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. आणि एलायझा चाचणी तर प्रथिनं प्लास्टिकला चिकटतात, या भरवशावरच चालते.

१९३८मध्ये कॅथरीनने काचेवर असे ४४ थर चढवले आणि काचेची चमक जवळजवळ नाहीशी केली. ते थर नाजूक होते, बोटानेही पुसले जायचे. टिकाऊ लेप इतरांनी केले. १९७९मध्ये ती गेली. आज प्रथिनं मोजायला महागडी यंत्रं आहेत, तरी त्यातल्या काहींचं तत्त्व तेच आहे: थरावरून परतणारा प्रकाश वाचायचा.

तेव्हा लॅबमध्ये मोठं यंत्र नाही म्हणून अडून बसू नका. पुढच्या पावसात डबक्यापाशी मिनिटभर थांबा आणि रंग नीट बघा.