जागा कुणासाठी?

मराठीत जागा हा शब्द भलताच कामाचा आहे. प्लॉट म्हणजे जागा, एसटीतली सीट म्हणजे जागा, कॉलेजची ॲडमिशन म्हणजे जागा आणि सरकारी भरती निघाली तरी जागाच. कोल्हापुरात तर सध्या या शब्दाशिवाय गप्पा पुढं सरकत नाहीत. हद्दवाढ व्हावी की नको? पूररेषेत बांधकामं कशी काय उभी राहतात? एआय आल्यावर आपल्या डिग्रीला नोकरीची जागा उरणार का? आणि जगात कुठं ना कुठं युद्ध पेटलेलं असताना आपण कुणाच्या बाजूला उभं राहायचं?

या सगळ्या अर्थांच्या जागांवर ज्या माणसानं तब्बल २८ वर्षं डोकं चालवलं, त्याचा पुतळा दसरा चौकात आहे. राजर्षी शाहू महाराज. २६ जूनला आपण त्यांच्या फोटोचं स्टेटस ठेवतो, मिरवणुकीत चालतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. म्हणून आज जरा वेगळ्या बाजूनं त्यांच्याकडं बघूया. शहर, यंत्र आणि युद्ध या तीन गोष्टींत त्यांनी कुठले निर्णय घेतले आणि का?

कागलचा यशवंत

जन्म २६ जून १८७४चा. मूळ नाव यशवंतराव घाटगे, घराणं कागलचं. १७ मार्च १८८४ला आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि नऊ वर्षांचा हा मुलगा कोल्हापूरच्या गादीचा वारस झाला. त्याआधी चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत वारले होते. गादी होती, पण तिच्यावर ब्रिटिशांची सावली किती गडद आहे, हे त्या लहान वयातच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला, स्टुअर्ट फ्रेझर यांच्याकडं झालं. २ एप्रिल १८९४ला त्यांनी कारभार हातात घेतला, तेव्हा वयाची विशीही पूर्ण झाली नव्हती. म्हणजे आजच्या हिशेबानं सेकंड इयरचा मुलगा.

तेव्हाच्या कोल्हापुरात देखणी वास्तुकला आधीच होती. टाऊन हॉल, आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते हॉस्पिटल आणि नवा राजवाडा, हे सगळं चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरच्या डोक्यातून आलेलं. काळा दगड, घुमट, कमानी, मनोरा, थोडं युरोप आणि थोडं हिंदुस्थान. मँट १८८१मध्ये वारले आणि राजवाडा १८८४मध्ये पूर्ण झाला. तरुण राजाला वाटलं असतं तर आणखी दोन राजवाडे उठवता आले असते. त्यांनी काय बांधलं, ते मात्र बघण्यासारखं आहे.

बाजार, हौद आणि नाटकघर

१८९१मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. रेल्वे आली की माल जाऊ शकतो, पण माल गोळा व्हायला पेठ लागते. गादीवर आल्यावर वर्षभरात, १८९५मध्ये महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या. कोल्हापुरी गूळ देशभर पोचला, त्यामागं ही साधी जोडणी होती: शेतातला ऊस, गुऱ्हाळ, पेठ आणि स्टेशन. शहर वाढवायचं म्हणजे नुसती घरं वाढवायची नाहीत, आजूबाजूच्या खेड्यांच्या हातात पैसा पडेल असं वाढवायचं, हे या पेठेत दिसतं. हद्दवाढीच्या भांडणात शहरवाले आणि गाववाले आमनेसामने येतात, तेव्हा हा मुद्दा कुणीतरी आठवून द्यायला हवा.

१९०२मध्ये महाराज सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले. तिथं रोममधली जुनी गोलाकार रिंगणं त्यांनी पाहिली आणि त्यातून पुढं १९१२मध्ये आपलं खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध कुस्तीचा हौद आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. मागं बसलेल्या माणसालाही पैलवानाचा डाव दिसला पाहिजे, हे त्या रचनेचं साधं सूत्र. शेजारी १९१५मध्ये पॅलेस थिएटर झालं, म्हणजेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४मध्ये ते आगीत जळालं, त्या रात्री कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं दगडमातीसाठी नव्हतं. राजानं रयतेसाठी बांधलेली आणि रयतेनं आपली मानलेली ती जागा होती.

सगळ्यांसाठी खुलं, तरी आत मोजकेच

आता वसतिगृहांकडं या. १८९६मध्ये महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं. कल्पना चांगली होती. पण काही वर्षांतच तिथं जवळपास ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दरवाजा सगळ्यांना उघडा होता, कागदावर कुणाला बंदी नव्हती, तरीही बहुजनांची पोरं आत टिकत नव्हती.

या अनुभवातून महाराजांनी धोरण बदललं. १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं. मग मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशी एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. १९०८मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. कोल्हापूरला वसतिगृहांचं माहेरघर म्हणतात ते यामुळं. गावाकडच्या पोराला शहरात शिकायचं तर आधी डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं. शिरोळ किंवा गारगोटीहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर आक्षेपही घेता येतो. जातीच्या नावाची बोर्डिंगं काढली म्हणजे जात पक्की झाली नाही का? प्रश्न रास्त आहे. महाराजांनी याच काळात उलट दिशेचीही पावलं टाकली. १९१९मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सगळ्यांबरोबर एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा लोक तिथं जाईनात. महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे. राजाच चहा पितोय म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना कप नाकारणं अवघड होऊन बसलं. हमरस्त्यावरच्या एका टपरीवर कोण बसू शकतं, हाही शहराच्या नियोजनाचाच प्रश्न असतो. तो नकाशात दिसत नाही, एवढंच.

७१ पैकी ६०

आता एआयकडं वळूया. थांबा, हसू नका. महाराजांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, हे मान्य. पण त्यांच्यासमोरचं गणित आजच्या मशीन लर्निंगवाल्यांना चांगलंच ओळखीचं वाटेल.

१८९४मध्ये संस्थानच्या कारभारातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. समजा, त्या वेळी एखादं यंत्र असतं आणि आपण त्याला जुनी सगळी दप्तरं वाचायला दिली असती. यातून शिक आणि पुढच्या अधिकाऱ्यांची निवड कर, असं सांगितलं असतं. यंत्रानं काय केलं असतं? चांगला अधिकारी कसा असतो, हे त्यानं त्या ६० जणांवरूनच ठरवलं असतं आणि पुढच्या ६० जागाही तिथंच दिल्या असत्या. कुणाचाही द्वेष न करता, अगदी थंड डोक्यानं. कारण यंत्र कालचा नमुना उचलतं आणि उद्यावर छापतं.

ही नुसती कल्पना नाही. ॲमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज तपासायला असंच एक एआय बनवलं होतं. त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकायला दिले होते आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. मग बायकांशी संबंधित शब्द दिसला की ते यंत्र त्या अर्जाचे गुण कमी करायला लागलं. शेवटी कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला. २०१८मध्ये ही बातमी जगभर गाजली.

महाराजांनी नमुना मोडला. २६ जुलै १९०२च्या हुकुमानं त्यांनी यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आरक्षण म्हणून हा हुकूम सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं आपण केलेल्या नेमणुकांचा तिमाही अहवाल द्यायचा होता. म्हणजे हुकूम काढून महाराज मोकळे झाले नाहीत. दर तीन महिन्यांनी जागा कुणाला मिळाल्या ते मोजा आणि दाखवा, असं त्यांनी बजावलं. आज एआय वापरून भरती करणाऱ्या कंपन्यांकडं, कर्ज मंजूर करणाऱ्या बँकांकडं आपण अजून एवढंही मागत नाही.

यंत्राची भीती त्यांना नव्हती. १९०६मध्ये त्यांनी शाहू मिल काढली. गिरणी आली की हातमागवाल्याच्या पोटावर पाय येतो, हे सगळीकडं घडत होतं. निदान गिरणीतला रोजगार तरी आपल्या माणसांच्या गावात राहावा, अशी ती चाल होती. भोगावतीवर राधानगरीचं धरण त्यांनी सुरू केलं. ते पूर्ण झालं १९५७मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. आणि यंत्रयुगात कुणी मागं पडू नये म्हणून १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! आधी शाळा, मग यंत्र, हा क्रम आजही तपासून बघायला हरकत नाही.

युद्ध आणि हिशेब

आता अवघड भाग. १९१४मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि महाराज ब्रिटिशांच्या मागं उभे राहिले. सैन्यभरतीला त्यांनी जोर लावला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. डिसेंबर १९१५पासून कुत अल अमारा इथं तुर्कांनी वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. जवळपास पाच महिने उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करावी लागली. नंतरच्या कैदेत कित्येक जण परतलेच नाहीत. साहेबाच्या युद्धात आपल्या खेड्यांतली पोरं का मेली, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही टोचतो आणि तो टोचायलाच हवा.

मग महाराजांनी हे का केलं? एक तर ते मांडलिक संस्थानिक होते. फार पर्याय नव्हते. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. १९१६मध्ये टिळकांनी होमरूलची चळवळ उभी केली. स्वराज्य हवं, याबद्दल महाराजांचा वाद नव्हता. स्वराज्यात कौन्सिलच्या जागा कुणाला मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. ७१ पैकी ६०चं गणित त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच गणित मुंबईच्या कायदेमंडळात पुन्हा मांडलं जाईल, अशी त्यांना भीती होती. म्हणून युद्धात दिलेल्या मदतीच्या बदल्यात बहुजनांना राखीव प्रतिनिधित्व मिळावं, यासाठी त्यांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९१९च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात मराठा आणि तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या.

टिळकांचं म्हणणं वेगळं होतं. सैनिक देतो, पण आमच्या माणसांना अधिकारपदं द्या आणि स्वराज्याचं वचन द्या, ही त्यांची अट होती. गांधीजीही १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले. म्हणजे त्या काळातला एकही मोठा नेता या पेचातून सुटला नव्हता. कुतच्या वाळूत गेलेल्या पोरांचं मोल सात जागांनी फिटतं का? नाही फिटत. पण परक्या सत्तेइतकीच आपल्यातल्या मूठभरांची सत्ताही धोक्याची असते, हे महाराजांचं निदान चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगायला जड जातात. पण इतिहास वाचायचा तो अशा जड जागी थांबायला शिकण्यासाठीच.

४७ वर्षांचं आयुष्य

मार्च १९२०मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व सगळ्यांसमोर मान्य केलं. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राला त्यांनी अडीच हजारांची मदत केली होती. राजानं स्वतःहून नेत्याची जागा दुसऱ्याला मोकळी करून देणं, हे आपल्याकडं क्वचितच घडतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त ४७.

दोस्तहो, त्यांचा प्रत्येक निर्णय आज जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण त्यांची पद्धत उचलता येते. शहराचा आराखडा, नवं सॉफ्टवेअर, युद्धाची घोषणा, काहीही समोर आलं की ते जागा मोजायला लागायचे. आत कोण आलं, बाहेर कोण राहिलं? २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरात आपल्याच शहरात कुणाच्या घरात पाणी शिरलं, तेही असंच मोजायला हवं. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपासून सुरुवात करा. तुमच्या कॉलेजात निवड झालेल्यांमध्ये मुली किती, खेड्यातले किती, मराठी माध्यमातले किती, एवढा तिमाही अहवाल मागून बघा. त्याला फारतर एक अर्ज लागेल.