'चंद्रकांता'चा लेखक आणि लेव्हल-अपचं गणित

मागच्या पावसाळ्यात मी एक फँटसी कादंबरी लिहायला घेतली. दिवसा ऑफिसचं कोडिंग, रात्री कादंबरी. हिरोला लेव्हल दिल्या, एक्सपी दिला, स्किल ट्री दिला. सगळ्याची चक्क एक्सेल शीट बनवली. नवव्या प्रकरणात हिरो लेव्हल 60 ला पोचला आणि माझ्या रूममेटने वाचणं सोडून दिलं. याला हरवणारं आता कुणी उरलंच नाही, मग पुढे वाचायचं कशाला, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वाईट वाटलं, पण मुद्दा बरोबर होता.

घरी फोनवर हे रडगाणं गायलो तर आईने विषयच बदलला. 1994 साली दूरदर्शनवर लागणाऱ्या 'चंद्रकांता' मालिकेबद्दल बोलायला लागली. त्यातला क्रूरसिंग तिला अजून आठवतो. मी मग मूळ हिंदी कादंबरी मिळवून वाचली. आणि लक्षात आलं, की मी ज्यात फसलो होतो ते कोडं एका माणसाने 1880 च्या दशकातच सोडवून ठेवलं होतं. त्यांचं नाव देवकीनंदन खत्री.

आधी कंत्राटदार, मग लेखक

खत्रींचा जन्म 1861 चा, बिहारमधल्या पूसा गावचा. सुरुवातीचं शिक्षण उर्दू-फारसीत. पुढे ते बनारसला आले आणि तिथे हिंदी, संस्कृत शिकले. बनारसच्या महाराजांशी ओळख झाली आणि चकिया, नौगढ भागातल्या जंगलांचं कंत्राट त्यांना मिळालं. म्हणजे करिअरची सुरुवात लाकूडफाट्यापासून!

पण या कामामुळे ते विंध्याच्या डोंगरांत मनसोक्त भटकले. पडके किल्ले, गुहा, दऱ्या, जुन्या वास्तूंचे अवशेष, सगळं जवळून पाहिलं. मग ते कंत्राट हातातून गेलं. उत्पन्न थांबलं, डोक्यात मात्र अख्खा नकाशा तयार होता. त्याच नकाशावर त्यांनी 'चंद्रकांता' लिहिली. नौगढ, विजयगढ, चुनार ही कादंबरीतली ठिकाणं काल्पनिक नाहीत, आजही उत्तर प्रदेशात आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅप खरा, गेम त्यांचा.

प्रोग्रेशन सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

तुम्ही 'सोलो लेव्हलिंग' पाहिलं असेल. हिरो राक्षस मारतो, एक्सपी मिळतो, समोर स्क्रीन उघडते आणि ताकद वाढते. पात्र कशाच्या बदल्यात पुढे सरकणार, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोग्रेशन सिस्टीम. खत्रींच्या कादंबरीत आकडे नाहीत. नियम मात्र पक्के आहेत.

त्यांच्या आधी उर्दूत दास्तानांची मोठी परंपरा होती. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने 1880 च्या दशकात 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापायला घेतले होते. त्यात तिलिस्म म्हणजे जादूगाराने मंतरलेलं जग. ऐयार म्हणजे वेष बदलणारा, चलाख हेर. दास्तानातल्या अमर ऐयारकडे झंबील नावाची पिशवी असते आणि तिच्यात वाट्टेल तेवढं मावतं. म्हणजे अनलिमिटेड इन्व्हेंटरी.

खत्रींनी शब्द तेच ठेवले, पण जादू काढून टाकली. त्यांच्या ऐयाराकडे असतो साधा बटवा. त्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, वेष बदलायचं सामान. सोबत भिंत चढायला कमंद, म्हणजे दोर, आणि एक खंजीर. जे बरोबर आणलंय तेवढंच वापरता येणार.

नियम दोन्ही बाजूंना सारखा

माझी चूक मला इथे सापडली. माझ्या कादंबरीत स्किल फक्त हिरोकडे होतं. खत्रींच्या कादंबरीत नायकाचा ऐयार तेजसिंह जे करू शकतो, ते शत्रूचे ऐयारही करू शकतात. तो वेष बदलतो, तेही बदलतात. तो पूड हुंगवतो, उद्या त्यालाच कुणीतरी हुंगवतं. मग समोरचा आपलाच माणूस आहे, हे ओळखायचं कसं? आधी ठरवलेल्या परवलीच्या शब्दाने. आपण ओटीपी टाकतो, तसंच काहीसं. आणि पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचं नाही, फक्त कैद करायचं, हाही संकेत आहे. त्यामुळे हरलेला ऐयार गोष्टीतून बाद होत नाही. तो सुटून येतो, कधी बाजूही बदलतो.

लेव्हल नाही, कुलूप

खत्रींचं तिलिस्म म्हणजे कारागिरांनी खजिन्याभोवती बांधलेलं यंत्रांचं जाळं. कुठे सिंहाच्या तोंडात हात घालून जीभ ओढली की दार उघडतं. चुनारजवळच्या पडक्या वास्तूत एक भलामोठा बगळा चंद्रकांतेलाच गिळतो आणि पुढे कळतं, की ते सगळं यंत्राचं काम होतं. तिला सोडवायचं तर राजकुमार वीरेंद्रसिंहाला तिलिस्म तोडावं लागतं. त्यासाठी तलवार चालत नाही. आत एक पुस्तक सापडतं, त्यात पुढची कृती असते. वाचा, समजून घ्या, करा, मग पुढचा दरवाजा.

म्हणजे वीरेंद्रसिंहाच्या ताकदीचा आकडा वाढत नाही, त्याची माहिती वाढते. आणि ती त्याच्याबरोबर वाचकालाही मिळते, म्हणून लेव्हल-अप झाल्याचा आनंद वाचकालाही होतो.

पुढच्या 'चंद्रकांता संतती'त, म्हणजे 24 भागांच्या सिक्वेलमध्ये, एक तिलिस्मी खंजीर येतो. त्याला हात लागला की माणूस बेशुद्ध. पण त्याच्या जोडीची अंगठी बोटात असेल तर काही होत नाही. भारी शस्त्र, पण अट सोबतच.

यश मिळालं, मान मिळाला नाही

कादंबरी तुफान चालली. ही वाचता यावी म्हणून उर्दू वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी देवनागरी शिकून घेतली, असं हिंदी साहित्याच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. खत्रींनी 1898 मध्ये बनारसला स्वतःचा लहरी प्रेस काढला.

टीकाही झाली. असं काही शक्यच नाही, असं लोक म्हणत. अशक्य वाटणारी गोष्ट उद्या विज्ञानाने शक्य होऊ शकते, हा खत्रींचा युक्तिवाद. पुढे समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी हिंदीला सर्वाधिक वाचक मिळवून देण्याचं श्रेय खत्रींना दिलं, पण या कादंबऱ्यांना खऱ्या साहित्यात धरलं नाही. नुसत्या घटनाच घटना आहेत, ही तक्रार. आज वेब नॉव्हेल वाचणाऱ्यांनाही हेच ऐकावं लागतं, नाही का?

'संतती'तला भूतनाथ हा ऐयार वाचकांना इतका आवडला, की खत्रींनी त्याच्यावर वेगळी मालिका सुरू केली. तिचे सहा भाग झाले आणि 1913 मध्ये खत्री गेले. वय 52. उरलेलं काम मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी पूर्ण केलं. मला यात एक गोष्ट दिसते. नियम इतके स्पष्ट होते, की दुसऱ्यालाही ते पुढे नेता आले. चांगल्या कोडचं लक्षण आम्ही हेच मानतो.

मी माझी एक्सेल शीट डिलीट केलेली नाही. लेव्हलचा कॉलम तेवढा काढला. आता तिथे तीन नवे कॉलम आहेत: हे कसं मिळालं, याची किंमत काय, आणि हेच शत्रूच्या हाती लागलं तर काय. तिसरा कॉलम भरताना अजूनही घाम फुटतो. रूममेटने मात्र दहावं प्रकरण मागितलंय.