न्कोसी जॉन्सन: ११ वर्षांच्या मुलाने भर परिषदेत सरकारकडे औषध मागितलं, पण स्वतःसाठी नाही

९ जुलै २०००. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरातलं किंग्जमीड स्टेडियम. पुढे २००७ मध्ये युवराज सिंगने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ते हेच मैदान. पण त्या संध्याकाळी तिथे क्रिकेट नव्हतं. तेराव्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेचं उद्घाटन होतं आणि जगभरातले हजारो डॉक्टर, संशोधक, कार्यकर्ते जमले होते. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांचं भाषण झालं. त्यानंतर हातात माईक घेऊन उभा राहिला ११ वर्षांचा एक किडकिडीत मुलगा. अंगात सूट, पण वयाच्या मानाने खूपच लहान दिसणारा.

त्याचं नाव न्कोसी जॉन्सन. एचआयव्ही त्याला जन्मतःच मिळाला होता.

न्कोसीचा जन्म ४ फेब्रुवारी १९८९ चा. आई डॅफ्नीला एचआयव्ही होता, तोच बाळात आला. ती स्वतः आजारी, हातात पैसा नाही आणि शेजारीपाजारी कळलं तर हाकलून देतील ही भीती वेगळीच. मायलेक जोहान्सबर्गमधल्या एका काळजी केंद्रात पोहोचले. काही काळाने पैशांअभावी ते केंद्रच बंद पडलं. तिथे काम करणाऱ्या गेल जॉन्सन यांनी डॅफ्नीच्या संमतीने न्कोसीला आपल्या घरी नेलं. डॉक्टरांच्या मते त्याच्याकडे फार दिवस नव्हते. तो मात्र जगत राहिला.

१९९७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. डॅफ्नी एड्सने वारली. आणि न्कोसीचं शाळेत जायचं वय झालं. मेलव्हिल भागातल्या प्राथमिक शाळेचा फॉर्म भरताना गेल यांनी मुलाला एचआयव्ही असल्याचं लपवलं नाही. झालं, पालकांमध्ये दोन तट पडले. मुलं खेळताना पडतात, रक्त येतं, मग आमच्या मुलांचं काय, असा एका गटाचा सवाल होता. प्रकरण देशभर गाजलं आणि शेवटी न्कोसीला प्रवेश मिळाला. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेने शाळांसाठी राष्ट्रीय एचआयव्ही धोरण आणलं. एचआयव्ही आहे म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे त्यात लिहून ठेवलं गेलं.

त्याच वर्षी न्कोसी आणि गेल यांच्या प्रयत्नांतून न्कोसीज हेवन हे घर उभं राहिलं. एचआयव्ही असलेल्या आया आणि त्यांची मुलं तिथे एकत्र राहू शकत होती. आईपासून वेगळं वाढणं म्हणजे काय हे या मुलाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

आता डर्बनच्या भाषणाकडे. न्कोसीची मागणी साधी होती: एचआयव्ही असलेल्या गरोदर महिलांना सरकारने एझेडटी द्यावं, म्हणजे बाळांना लागण होणार नाही.

हे औषध करतं काय? एचआयव्ही आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या आरएनएपासून डीएनए तयार करतो. एझेडटी या साखळीत एक खोटी कडी बसवतं, साखळी तिथेच तुटते. एकट्या औषधाला विषाणू काही काळात दाद देईनासा होतो, म्हणून १९९६ पासून रुग्णांना तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं. गरोदर आईच्या बाबतीत मात्र एकटं एझेडटीही मोठा फरक पाडत होतं. १९९४ च्या अभ्यासात बाळाला लागण होण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं होतं. न्कोसी तेव्हा पाच वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या आईसाठी ही माहिती पाच वर्षं उशिरा आली. डर्बनमध्ये तो मागत होता ते पुढच्या बाळांसाठी.

पण म्बेकी सरकार ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. एड्स एचआयव्हीमुळेच होतो का, अशी शंका खुद्द राष्ट्राध्यक्ष काढत होते आणि एझेडटी विषारी असल्याचं सांगितलं जात होतं. परिषदेच्या तोंडावर ५,००० हून अधिक शास्त्रज्ञांनी सही करून एचआयव्ही हेच कारण असल्याचं जाहीर केलं, तरीही. न्कोसीचं भाषण सुरू असतानाच म्बेकी निघून गेले, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या.

त्या डिसेंबरच्या अखेरीस न्कोसी कोसळला. आजार मेंदूपर्यंत पोहोचला होता. फेब्रुवारी २००१ मधला बारावा वाढदिवस त्याने अंथरुणातच काढला. योगायोग बघा, त्याच आठवड्यात मुंबईच्या सिप्ला कंपनीने एक घोषणा केली. ब्रँडेड औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. सिप्लाने तिन्ही औषधं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला माणशी ३५० डॉलरमध्ये देऊ केली, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. भारतात तेव्हा औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळायचं, म्हणून हे शक्य झालं.

१ जून २००१ रोजी न्कोसी गेला.

त्याची मागणी पूर्ण व्हायला कोर्टाची पायरी चढावी लागली. ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन ही संघटना सरकारविरुद्ध लढली. ५ जुलै २००२ रोजी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला: गरोदर महिलांना नेव्हिरापिन हे औषध सरकारी रुग्णालयांत मिळालंच पाहिजे. गंमत म्हणजे, हे औषध पाच वर्षं फुकट द्यायची तयारी कंपनीने जुलै २००० मध्येच दाखवली होती. रुग्णांसाठीचे सरकारी उपचार तिथे २००४ मध्ये सुरू झाले. भारतातही १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत मिळू लागली.

२००५ मध्ये न्कोसीला मरणोत्तर पहिला आंतरराष्ट्रीय बाल शांतता पुरस्कार मिळाला. आणि २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या दिरंगाईचा हिशेब मांडला. २००० ते २००५ या काळात औषधं वेळेवर न दिल्याने ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसं दगावली आणि टाळता आली असती अशी लागण घेऊन सुमारे ३५ हजार बाळं जन्माला आली, असा त्यांचा अंदाज आहे.